पत्र्याच्या पेटींतील घुमारा

गेल्या आषाढांत एका भिजलेल्या संध्याकाळीं माझा पुतण्या ताडपत्रींत गुंडाळलेलें एक अवजड यंत्र घेऊन माझ्या घरीं आला. तें यंत्र म्हणजे गिटारचा एक जुना अमेरिकन ॲम्प्लिफायर. माझे थोरले बंधु दिवसा बँकेंत कारकुनी करीत आणि सुटीच्या रात्रीं मुंबईच्या वाद्यवृंदांतून गिटार वाजवीत. परदेशीं निघालेल्या एका गोमंतकीय वादकाकडून हा ॲम्प्लिफायर त्यांनीं हप्त्यानें घेतला होता, आणि त्या हप्त्यांच्या पायीं वहिनींनीं किती दिवाळ्या जुन्या साडीवर काढल्या हें आम्हां घरच्यांस ठाऊक आहे. बंधु वारले त्यास आतां तीन वर्षें होतील. पुतण्या यंत्र खालीं ठेवून म्हणाला, "काका, गिटार वाजते, पण बाबांची वाजत नाहीं."

मी सारा जन्म टेलिफोन खात्यांत काढलेला माणूस. संगीतांतलें मला फारसें कळत नाहीं, पण तारेंतून जाणाऱ्या आवाजाचीं दुखणीं थोडींफार कळतात. मागची फळी काढून पाहिली. तळाशीं एका काळ्या पिशवींत पावणेसतरा इंच लांबीची व चार-साडेचार इंच रुंदीची पत्र्याची चपटी पेटी होती. तिला रीव्हर्ब टँक म्हणतात. नांवावरून आंत पाणी असेल असें वाटतें. वस्तुतः आंत असतात त्या कांहीं बारीक, लांबोळ्या स्प्रिंगा. ती पेटी मुकी झाली होती. पुतण्यानें तिच्याऐवजीं बाजारांतून तेवढ्याच लांबीची, तशींच भोकें असलेली नवी पेटी आणून बसविली होती; पण तिच्यांतून आवाज येई तो इतका क्षीण, कीं तिसऱ्या घरीं कोणी वाजवीत असावें. "मग कोणती घेऊं?" त्यानें विचारलें. प्रश्न बाजारहाटाचा होता, परंतु त्याचें उत्तर देण्यासाठीं मला बरेंच मागें जावें लागलें.

आवाजाला घर लागतें. मोकळ्या माळावर गाणाऱ्याचा सूर ओठांतून निघतांच वाऱ्यावर जातो. तोच सूर देवळाच्या सभामंडपांत लावला तर भिंती, खांब आणि छत त्याला शेंकडों वाटांनीं परत पाठवितात, आणि ते परतलेले सूर इतके दाटीनें येतात कीं कानाला ते वेगळे न भासतां मूळ सुराचीच लांबत गेलेली शेंपटी भासते. विजापूरच्या गोल घुमटांत टाळी वाजवून प्रतिध्वनि मोजण्याची हौस आपल्यापैकीं पुष्कळांनीं सहलींत पुरवून घेतली असेल. ती गोष्ट निराळी. तेथें टाळी सुटी सुटी परत येते. मी म्हणतों तो सुटा प्रतिध्वनि नव्हे, तर असंख्य प्रतिध्वनींचा गुंफलेला, हळूहळू विरत जाणारा घुमारा. शास्त्रज्ञ त्याला अनुरणन म्हणतात. मी आपला घुमाराच म्हणेन.

या घुमाऱ्यास मापांत बसविलें तें अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस क्लेमंट सॅबाइन यानें. १८९५ सालीं विद्यापीठाच्या नव्या फॉग कलासंग्रहालयांतील व्याख्यानगृहांत वक्त्याचें एक वाक्य धड कळेना. उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही, आणि तेवढ्यांत पुढचे दहापंधरा शब्द त्यावर येऊन आदळत. हें दुखणें बरें करण्याचें काम तरुण सॅबाइनकडे आलें. रस्ते शांत झाल्यावर रात्रीं त्यानें जवळच्या सँडर्स नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या वाहून आणाव्या, ऑर्गनची एक नळी वाजवून ती थांबल्यावर घुमारा किती वेळ टिकतो तें मोजावें, गाद्या वाढवाव्या, पुन्हां मोजावें, आणि उजाडण्यापूर्वीं साऱ्या गाद्या जागच्या जागीं नेऊन ठेवाव्या. अशा कित्येक रात्रींतून एक साधें सूत्र निघालें: दालनाचें घनफळ जितकें मोठें तितका घुमारा लांब, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तु जितक्या अधिक तितका तो आंखूड. १९०० सालीं उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल या सूत्राच्या आधारें बांधला गेला. घुमारा ही दैवाची देणगी नसून हिशेबानें देतां येण्यासारखी वस्तु आहे, हें एकदां कळल्यावर तो इमारतीवांचून देतां येईल काय, हा प्रश्न कोणाच्या तरी मनांत यावयाचाच होता.

तो शिकागोच्या लॉरेन्स हॅमंडच्या मनांत आला. हॅमंड हा पेशानें अभियंता व धंद्यानें घड्याळवाला. १९३५ सालीं बाजारांत आलेल्या त्याच्या विजेच्या ऑर्गनमध्यें नळ्या नव्हत्या कीं भाता नव्हता. विजेच्या घड्याळांत असते तशी एकाच गतीनें फिरणारी मोटर, आणि तिच्या जोरावर लोहचुंबकांसमोर फिरणारीं धातूचीं लहान लहान चाकें, एवढ्यावर सारे सूर निघत. गंमत अशी कीं हॅमंडला स्वतःला हें वाद्य वाजवितां येत नसे. नळ्यांचा ऑर्गन घेण्याची ऐपत नसलेल्या हजारों लहान चर्चांनीं तें घेतलें, आणि नळ्यांचे ऑर्गन करणारे चिडले. प्रकरण सरकारदरबारीं गेलें. १९३७ सालीं शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरांत दोन्ही वाद्यें आडून वाजवून श्रोत्यांची परीक्षा घेण्यांत आली, तेव्हां सुमारें एक तृतीयांश उत्तरें चुकलीं. हॅमंडच्या पक्षानें हा आपला विजय मानला. मला मात्र वाटतें, त्या दिवशीं हॅमंडच्या बाजूनें एक तिसरा साक्षीदार उभा होता, तो म्हणजे तें उंच दगडी मंदिर. त्याचा घुमारा खऱ्या आणि नव्या अशा दोन्ही वाद्यांना सारखाच मिळत होता. तेंच वाद्य गालिचा-पडद्यांच्या बैठकीच्या खोलींत आलें कीं सूर किल्ली सोडतांच कापल्यासारखा तुटे. ज्या लोकांनीं ऑर्गन जन्मभर चर्चमध्येंच ऐकला, त्यांना हा कोरडा सूर ऑर्गनचा वाटेना.

हॅमंडला उपाय सांपडला तो संगीतांत नव्हे, तर टेलिफोनमध्यें. दूरच्या अंतरावर बोलतांना आवाजास जो उशीर होतो, तो टेबलावरच निर्माण करून त्याचा अभ्यास करतां यावा म्हणून बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेंत स्प्रिंगांचा उपयोग करण्यांत आला होता. तारेंतून विजेचा संदेश डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं शेंकडों मैल जातो; पण त्या संदेशाचें कंपन करून तें एखाद्या लांब वेटोळ्यांतून धाडलें, तर त्यास वेटोळें न् वेटोळें चढून जावें लागतें, आणि हातभर जागेंत लक्षांत येण्याजोगा उशीर मिळतो. उशीर व प्रतिध्वनि हे आम्हां टेलिफोनवाल्यांचे जन्माचे वैरी. त्यांना हांकलण्यांत आमच्या नोकऱ्या संपल्या. हॅमंडनें त्या वैऱ्यांनाच चाकरीस ठेवलें, हें वाचून प्रथम मला थोडा रागच आला.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस हॅमंडच्या कारखान्यांत तयार झालेलें पहिलें घुमारायंत्र सुमारें चार फूट उंच होतें. कांहीं स्प्रिंगा तेलानें भरलेल्या नळ्यांत बुडविलेल्या असत, म्हणजे कंपन बेताचें राही. तेलाचें यंत्र आडवें करतां येत नाहीं. तें ऑर्गनच्या कपाटांत एका जागीं उभें रहावयाचें. वीस वर्षें असा प्रकार चालला. मग १९५९ च्या सुमारास ॲलन यंग प्रभृति कंपनीच्या अभियंत्यांनीं तेल काढून टाकून लहान आकाराचें यंत्र बनविलें, आणि त्या पाठोपाठ जी रचना आली तीच आमच्या पुढ्यांतली पावणेसतरा इंची चपटी पेटी. तिला चौथा प्रकार म्हणतात.

या पेटीची रचना मीं पुतण्याला उघडून दाखविली, ती वाचकांसहि सांगतों. बाहेरच्या पेटींत चार लहान स्प्रिंगांवर टांगलेली दुसरी पन्हळ असते, म्हणजे जमिनीचे हादरे आंत पोंचत नाहींत. त्या पन्हळींत दोन टोंकांस दोन तारेच्या गुंडाळ्या, आणि त्यांच्यामध्यें ताणलेल्या स्प्रिंगा. स्प्रिंगेच्या टोंकाला मण्याएवढा लोहचुंबक. एका गुंडाळींतून गिटारचा विद्युत्प्रवाह गेला कीं जवळचा मणी डावीउजवीकडे पिळतो, तो पीळ स्प्रिंगेंतून धांवत दुसऱ्या टोंकास जातो, तेथला मणी दुसऱ्या गुंडाळींत पुन्हां वीज उत्पन्न करतो, आणि उरलेला पीळ उलटून मागें येतो, पुन्हां जातो, पुन्हां येतो. एका स्प्रिंगेला एका खेपेस सुमारें ३३ सहस्रांश सेकंद लागतात, तर दुसरीला ४१. या दोघींचीं पावलें कधीं जुळत नाहींत म्हणूनच घुमारा दाट होतो. प्रत्येक स्प्रिंगेचा अर्धा भाग उजव्या वळणाचा व अर्धा डाव्या वळणाचा करून मध्यें जोडलेला असतो. बाहेरून बसलेला धक्का दोन्ही अर्धांत परस्परविरुद्ध पडून पुष्कळसा मरावा, हा त्यांतला हेतु. तोहि पुष्कळसाच मरतो, सगळा नाहीं. त्याचें पुढें येईलच.

येथवरची कथा ऑर्गनची. ती गिटारकडे वळली ती कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडरमुळें. हाहि हॅमंडचाच जातभाई: हिशेबनिसाचें शिक्षण घेतलेला, रेडिओदुरुस्तीचें दुकान चालविलेला, आणि गिटार वाजवितां न येणारा. वाजवितां न येणाऱ्या माणसाला वाजविणाऱ्यांचें ऐकून घ्यावें लागतें, हा कदाचित् लाभच असेल. त्यानें हॅमंडकडून या पेट्या घेतल्या आणि १९६१ सालीं घुमाऱ्याचें एक स्वतंत्र यंत्र गिटारवाल्यांसाठीं काढलें. १९६३ सालीं व्हायब्रोव्हर्ब नांवाच्या ॲम्प्लिफायरमध्यें ती पेटी पोटांतच बसविली, आणि मग ट्विन रीव्हर्ब, डीलक्स रीव्हर्ब अशी सारी पिढी निघाली. डिक डेल हा त्या किनाऱ्यावरचा प्रसिद्ध वादक. आपल्याला हा घुमारा आधीं गिटारसाठीं नव्हे तर गळ्यासाठीं हवा होता, असें तो सांगत असे. पण गिटारची तार आंखडून छेडली असतां या स्प्रिंगा जो आवाज करीत, त्यानें तेथील तरुण पोरें वेडीं झालीं. खोल आडांत पाण्याचा थेंब पडावा तसा तो आवाज. समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्या त्या पोरांच्या संगीताची तीच खूण ठरली.

येथें मला जें म्हणावयाचें आहे तें असें. दालनाची नक्कल या दृष्टीनें ही पेटी फसलेली आहे. दालनांत सारे स्वर एकाच वेगानें प्रवास करतात. स्प्रिंगेंत निरनिराळ्या उंचीचे स्वर निरनिराळ्या वेगानें जातात, म्हणूनच तो थेंबासारखा टिपकण्याचा आवाज होतो. चार-पांच हजार कंपनांच्या वरचे स्वर तर ती जवळजवळ गिळूनच टाकते. याहून चांगली नक्कल करणारीं यंत्रें त्याच काळांत होतीं. जर्मनींतील ईएमटी कंपनीनें १९५७ सालीं पोलादाचा मोठा पत्रा टांगून केलेलें यंत्र ध्वनिमुद्रणगृहांत मान्यता पावलें. पण त्याचें वजन पावणेतीनशें किलोच्या घरांत, तें खांद्यावर टाकून वाद्यवृंदास कोण नेणार? १९७६ सालीं त्याच कंपनीनें आंकड्यांच्या गणितावर घुमारा करणारें यंत्र काढलें, आणि आज तें गणित खिशांतल्या टेलिफोनमध्येंहि मावतें. वाटेल त्या दालनाचा घुमारा आतां बोटाच्या टोंकावर आहे. तरी ही पत्र्याची पेटी अजून विकली जाते. नक्कल जर चांगली साधली असती तर तिच्याहून चांगली नक्कल निघतांच ती मेली असती. तिची नक्कल फसली, आणि जें उरलें तो तिचा स्वतःचा आवाज होता. बंधूंची गिटार ज्या घरांत राहत होती तें कुठलें सभागृह नव्हतें. तें ही पेटीच होती.

आतां निवडीकडे येतों. या पेट्यांवर शिक्का असतो, जसें "४एबी३सी१बी". पुतण्याला तो दुकानदाराचा अनुक्रमांक वाटला होता. वस्तुतः त्यांतील प्रत्येक खूण म्हणजे कोणत्या यंत्राच्या पोटांत ती पेटी जावयाची याची जन्मपत्रिकाच. पहिला आंकडा प्रकाराचा. नंतरचीं दोन अक्षरें आंत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या गुंडाळ्यांचा विरोध सांगतात. पुढचा आंकडा घुमाऱ्याची लांबी: एक आंखूड, दोन मध्यम, तीन लांब, म्हणजे पावणेतीन ते चार सेकंद. मग कोणती जोडणी पत्र्याशीं बांधलेली व कोणती सुटी तें अक्षर; तें चुकलें कीं गुणगुण सुरू होते. शेवटचें अक्षर पेटी कशी ठेवावयाची तें सांगतें: पालथी, उताणी कीं उभी. स्प्रिंगा आपल्या भारानें थोड्या झुकतात, आणि मणी गुंडाळीच्या फटींत नेमका मध्यें रहावयास हवा, म्हणून ही सक्ति.

पुतण्याची चूक दुसऱ्या अक्षरांत होती. त्यानें आणलेल्या पेटीवर "एफ" होतें, म्हणजे आंत येणाऱ्या गुंडाळीचा विरोध १४७५ ओहम. जुन्या पेटीवर "ए", म्हणजे अवघा ८ ओहम. जुन्या फेंडर पद्धतीच्या यंत्रांत एक व्हॉल्व्ह लहानशा ट्रान्सफॉर्मरमार्फत पेटीला भरपूर प्रवाह व थोडा दाब देतो. थोड्या वेढ्यांची गुंडाळी त्यावर जोमानें हलते. एफ जातीची गुंडाळी पुष्कळ वेढ्यांची, तिला दाब हवा. येथें तिच्यांतून प्रवाह जवळजवळ जाईचना. पेटी चांगलीच होती, फक्त दुसऱ्या घरची होती.

जुना शिक्का गंजानें अर्धा खाल्ला होता. तिसरें अक्षर दिसेना, आणि बाहेर जाणारी गुंडाळी आंतूनच तुटलेली असल्यामुळें मीटर कांहीं बोलेना. (ती शाबूत असती तर मीटरवर दोनशें ओहमच्या आसपास आंकडा येतो; शिक्क्यावरचा २२५० हा विरोध कंपनाच्या प्रवाहाला होणारा असतो, मीटर सांगतो तो निराळा. या घोटाळ्यांत पुष्कळांचे पैसे गेले आहेत.) तेथें इतिहासच कामास आला. यंत्र कोणत्या घराण्याचें, त्यांत ट्रान्सफॉर्मर आहे, व्हॉल्व्ह आहेत, पेटी पिशवींत पालथी पडलेली आहे, एवढ्यावरून गेलेलें अक्षर "बी" असलें पाहिजे हें ठरलें. जुन्या पेट्यांवरचे इतर मजकूरहि मीं या निमित्तानें वाचले. विस्कॉन्सिनमधील मिल्टन गांवीं तयार होणाऱ्या एका जातीच्या पेटीवर, ही पेटी सुंदर मुलींनीं नियंत्रित हवेंत तयार केली आहे, अशा अर्थाची ओळ छापलेली असे. कारखानदाराची ही रसिकता मला फारशी रुचली नाहीं. केसाएवढी तार मण्याशीं जोडणाऱ्या त्या हातांचें सौंदर्य छापलें, नांवें मात्र छापलीं नाहींत.

शेवटचा वाद आमच्या दोघांचा झाला. विकणाऱ्यानें पुतण्याला सांगितलें होतें कीं त्याच मापाची, त्याच जोडणीची, परंतु दोनाऐवजीं तीन स्प्रिंगांची नववी जात घ्या. घुमारा अधिक दाट, अधिक मऊ. तें खरेंहि आहे. प्रथमच घेणाऱ्यास मीं कदाचित् तीच सुचविली असती. "चांगली मिळत असतां साधी कां घ्यावयाची?" पुतण्या म्हणाला. मीं विचारलें, "तुला चांगला घुमारा हवा कीं बाबांचा?" तो कांहीं बोलला नाहीं. आम्ही ४एबी३सी१बी मागविली. ॲक्युट्रॉनिक्स या जुन्या अमेरिकन नांवाचा धंदा २००९ सालीं कोरियांतील बेल्टन कंपनीकडे गेला, तेव्हां ती पेटी आली ती कोरियाची. जुन्या व नव्या पेट्यांच्या आवाजांत फरक असतो असें जाणते वादक म्हणतात. असेल. जुनी पेटी मीं टाकूं दिली नाहीं; ती वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.

पेटी बसविली ती बंधूंच्या घरीं. उघडी बाजू खालीं करून, आणि बाहेर जाणारें टोंक विजेच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवून, नाहींतर तो आपली गुणगुण तींत ओततो. पुतण्यानें तार छेडली. तो थेंब पडला. त्यानें दोनतीन सुरावटी वाजविल्या, मग गिटार बाजूस ठेवून यंत्राचा एक कोपरा बोटभर उचलला आणि सोडून दिला. आंतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आदळल्या व साऱ्या घरांत मेघगर्जना झाली. पावसाच्या गाण्याआधीं बंधु नेहमीं हेंच करीत. लोकांना वाटे, मागें कोणी पत्रा हलवीत आहे.

आंतून वहिनींचा आवाज आला, "अहो, हळू! खालचे लोक वर येतील!"